रॅटरीचा गुडघा

दोहा, इंडस्ट्रियल एरिया
शनिवार, ११ जानेवारी २०२५

अण्णा, नमस्कार.

फोनवर मी बोलायला लागलो की तुम्ही दोन वेळा ‘हॅलो’ म्हणता आणि शालूवहिनींच्या हातात फोन देऊन ‘कायतरी म्हणतोय बघ’ म्हणून मोकळे होता. कानाचं मशीन लावा म्हटलं तर राग येतो. म्हणून हा मार्ग काढला. कागदावर लिहितो, फोटो काढून वहिनींच्या मोबाइलवर पाठवतो. वहिनी, आधी तुम्ही वाचणार हे मला ठाऊक आहे. वाचा, पण मधलं काही गाळून देऊ नका.

माझी ड्यूटी बदलली. सिमेंटच्या ट्रेलरवरून काढून कंपनीनं मला अल गराफातल्या एका फुटबॉल अकादमीच्या व्हॅनवर टाकलंय. दुपारी तिथल्या व्हिलांमधून पोरं गोळा करायची, ग्राउंडवर सोडायची, अंधार पडला की परत पोचवायची. त्याआधी त्यांच्या कोचला त्याच्या फ्लॅटवरून आणायचं. कामात दम लागत नाही, पण इतक्या वर्षांनी रोज दोन तास गवताचा वास घ्यायचा म्हणजे मला जरा जड जातं.

कोचचं नाव कॉलिन रॅटरी. स्कॉटलंडचा आहे, सत्तेचाळीस वर्षांचा. तुम्ही लगेच विचाराल, कुठल्या मोठ्या क्लबचा? कुठल्याच नाही. अठरा सीझन मिडफिल्डला खेळला, पाच क्लब केले, आणि पाचही तिसऱ्या-चौथ्या डिव्हिजनचे. दिवसा घरांच्या छपरांवर दगडी कौलं बसवायची, मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी प्रॅक्टिस, शनिवारी मॅच. बघायला चारशे माणसं, त्यातली निम्मी शिव्या द्यायला आलेली. आमच्या खोलीतल्या रामेश्वरनं (हा जालन्याचा, एसीचं काम करतो) मोबाइलवर त्याचं नाव टाकून शोधलं, तर एकच फोटो निघाला, आणि त्यातही दुसऱ्याच्या कोपरानं त्याचं अर्धं तोंड झाकलेलं.

मी त्याला म्हणालो, आमच्या कोल्हापुरात दोन पेठांची मॅच असली की वीस हजार माणूस येतं. त्यानं मला आकडा परत सांगायला लावला. मग म्हणाला, ‘मी चुकीच्या गावात जन्मलो.’

त्याचं इंग्रजी मला निम्मं कळतं, माझं त्याला निम्मं. तरी बरं चाललंय. व्हॅनमधून उतरायला त्याला वेळ लागतो. उजवा पाय आधी बाहेर काढतो, दोन्ही हातांनी दाराला धरतो आणि थोडा थांबतो. मी तोवर आरशात बघत नाही.

तब्येतीला जपा.

तुमचा सुदाम


कोल्हापूर
शुक्रवार, २४ जानेवारी

चि. सुदाम, आशीर्वाद.

तुझं पत्र शालूनं आधी वाचलं, मग शेजारी वाचून दाखवलं, मग मला दिलं. अक्षर अजून तसंच आहे, कोंबडीचा पाय. मशीन मी लावणार नाही. तालमीतली पोरं माझ्यासमोर काय बोलतात ते ऐकू न आलेलंच बरं.

तुझ्या त्या साहेबाबद्दल वाचून मजा वाटली. कौलं बसवून फुटबॉल खेळणारा म्हणजे आपल्यातलाच की. मीही एकतीस वर्षं सकाळी दुधाची गाडी आणि संध्याकाळी चिंचगल्ली तालमीची टीम, असंच केलं. त्याला सांग, तुझे पाच क्लब झाले म्हणजे तू पाच वेळा पेठ सोडलीस, आमच्याकडे एकदा सोडली तरी बापाच्या मयताला कोणी येत नाही.

यंदा टीम चांगली जमली आहे. कैवल्य म्हणून एक पोरगा आहे, मागच्या बोळातल्या भरत टेलरचा. बावीस वर्षांचा, मिडफिल्डला खेळतो, बॉल पायाला चिकटून असतो. त्याला आठ नंबर दिला. तुझ्यानंतर कुणाच्या अंगावर तो नंबर शोभला नव्हता. सतरा वर्षं झाली, पण २००८ ची फायनल मी अजून पोरांना सांगतो. गुडघा सुजलेला असताना सुदाम नव्वद मिनिटं खेळला आणि घाटवेसची टीम रडवली, असं सांगितलं की पोरं गप्प होतात. तो कप अजून दारासमोरच्या कपाटात आहे.

नव्या कमिटीतली शहाणी मंडळी म्हणतात, फायनलच्या आदल्या दिवशी मारुतीपुढे अकरा जर्स्या ठेवायच्या, नावं वाचायची आणि मग त्यात काही झालं तरी बदल करायचा नाही, ही रीत आता सोडून द्या. मी म्हणालो, मी मेल्यावर सोडा. देवापुढे ठेवलेली जर्सी उचलायची नसते, हे मला माझ्या वस्तादांनी शिकवलंय.

कैवल्यचा गुडघा गुरुवारी प्रॅक्टिसला मुरगळला. बर्फ लावतोय. होईल बरा.

तू येणार कधी? मागच्या वेळी सुट्टी मिळाली नाही म्हणालास, त्याच्या आधी विमान महाग म्हणालास. शालू विचारते.

रंगनाथ


दोहा
शुक्रवार, १४ फेब्रुवारी

अण्णा, नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. आज सुट्टी आहे, रामेश्वर एशियन टाउनला सिनेमा बघायला गेलाय, खोलीत शांतता आहे म्हणून बसलोय.

तुमचा निरोप रॅटरीला सांगितला. तो म्हणाला, आमच्याकडे पण एकदा सोडलं की सासरा दोन वर्षं बोलत नाही. तिसऱ्या क्लबवरून चौथ्यात गेला तेव्हा तसंच झालं होतं. दोन गावांत सात मैलांचं अंतर.

सोमवारी त्याला मुशैरिबला एका क्लिनिकमध्ये नेलं. अकादमीला त्याचं कॉन्ट्रॅक्ट पुढं चालू ठेवायच्या आधी मेडिकल हवंय. तळघरात गाडी लावली, तिथून लिफ्टपर्यंत चालायला त्याला इतका वेळ लागला की मीच दमलो. आत गेल्यावर म्हणाला, तू पण बस, डॉक्टर भरभर बोलतो, नंतर मला आठवत नाही. डॉक्टर केरळचा. स्क्रीनवर गुडघा दाखवला. दोन हाडांच्या मध्ये जी गादी असते ती नाहीच. हाड हाडावर. डॉक्टरनं विचारलं, पूर्वी इंजेक्शनं घेतली होती का? तो म्हणाला, अकरा.

परत येताना त्यानं आपणहून सांगितलं. मॅचच्या आधी ड्रेसिंग रूममध्ये टेबलावर झोपायचं, फिजिओ सुई टोचायचा, वीस मिनिटांत गुडघा आहे की नाही ते कळेनासं व्हायचं. मग नव्वद मिनिटं पळायचं. सर्वांत मोठी मॅच कपची होती, एका नावाजलेल्या क्लबशी. तिथं बघायला तीस हजार लोक. चार-शून्य हरले. पण तो म्हणाला, पहिल्या हाफमध्ये मी त्यांच्या सेंटर हाफकडून तीन वेळा बॉल काढला, तिन्ही वेळा आमच्या बाजूचे चारशे लोक ओरडले ते मला ऐकू आलं. त्या मॅचनंतर तो सहा महिने छपरावर चढला नाही.

मी गाडी चालवत होतो, म्हणून काही बोलावं लागलं नाही.

अकादमीतली पोरं त्याच्या मागून लंगडून चालतात आणि हसतात. त्याला कळतं. मधू साठे म्हणून पुण्याचे इंजिनिअर आहेत, त्यांचा अर्णव तेवढा हसत नाही. परवा त्यानं मला विचारलं, ‘काका, वॉज ही फेमस?’ मी म्हणालो, हो.

कैवल्यच्या गुडघ्याला आता कसं आहे? नुसत्या बर्फावर ठेवू नका, फोटो काढा. तुम्हाला हे सगळं लिहावंसं वाटलं, म्हणून लिहिलं.

सुदाम


कोल्हापूर
बुधवार, २६ फेब्रुवारी

चि. सुदाम,

तुझं पत्र मी तालमीत सगळ्या पोरांना बसवून मोठ्यानं वाचलं. साहेबाच्या अकरा सुया ऐकल्यावर पोरांनी टाळ्या वाजवल्या. गोरा माणूस, एवढ्या सोयींत वाढलेला, तोही दुखणं मारून खेळतो. मी म्हणालो, बघा, चारशे माणसांसाठी जर एवढं करतो तर तुमच्या मागे आख्खी पेठ आहे. तू लिहितोस छान. बरं झालं पाठवलंस.

आपण सेमीफायनल जिंकलो, दोन-एक. दोन्ही गोल कैवल्यच्या पासवर. पण साठाव्या मिनिटाला तो बसला. गुडघ्यात पाणी झालंय, आंब्याएवढी सूज. पोरगा वाकडा चालतो पण तोंडातून चकार शब्द नाही. त्याचा बाप म्हणतो फोटो काढू. फोटो काढला की डॉक्टर झोपवून ठेवणार, हे मला माहीत आहे. फायनल २३ मार्चला आहे, घाटवेसशीच.

आपला तो कंपाउंडर वारला, पण त्याचा मुलगा दवाखाना चालवतो. त्याच्याशी बोलून ठेवलंय. आदल्या दिवशी, शनिवारी जर्सी मारुतीपुढे जाईल, रविवारी सकाळी सुई. कैवल्यला आत्ताच काही सांगत नाही, पोरं घाबरतात. तुझ्या वेळी केलं तसंच. तेव्हाही सगळं नीट पार पडलं होतं.

साहेबाला आमचा नमस्कार सांग.

रंगनाथ


दोहा
बुधवार, ५ मार्च

वहिनी, हे पत्र अण्णांना एकट्यात द्या. तालमीत वाचायचं नाही. शेजारीही नाही.

अण्णा,

तुमचं पत्र आल्यापासून हे लिहितोय आणि फाडतोय. रमजान सुरू झालाय, अकादमीची वेळ इफ्तारनंतरची झाली, दिवसभर खोलीत बसून विचार करायला वेळच वेळ. शेवटी साधं लिहायचं ठरवलं.

तेव्हा सगळं नीट पार पडलं नव्हतं.

२००८ ला आदल्या दिवशी माझी जर्सी मारुतीपुढे ठेवलीत तेव्हा गुडघा थोडाच दुखत होता. रविवारी सकाळी पाय टेकवत नव्हता. तुम्ही मला सायकलवर मागे बसवून कंपाउंडरकडे नेलंत. मी विचारलं, कसली सुई? तुम्ही म्हणालात, ‘ताकदीची आहे, सुदा. गप पड.’ मी गप पडलो. तुम्ही मला वाढवलं होतंत, बाबा गेल्यावर तुमच्याशिवाय मला कोण होतं. तुम्ही विष दिलं असतंत तरी मी ताकदीचंच समजून घेतलं असतं.

मॅच जिंकलो. खांद्यावर घेतलं, गुलाल टाकला. संध्याकाळी औषध उतरलं आणि मग पाय वळेना. पुढच्या महिन्यात मिरजेच्या डॉक्टरनं विचारलं की इतका फाटलेला लिगामेंट घेऊन तू पळलास कसा, दुखलं नाही? तेव्हा मला कळलं की सुई कसली होती. मी घरी येऊन काही बोललो नाही. तुम्हीही ऑपरेशनचा विषय काढला नाहीत, नुसतं म्हणालात, नशीब. त्यानंतर मी कधी बॉलला पाय लावला नाही. तुम्ही पोरांना नव्वद मिनिटांची गोष्ट सांगता, ती तिथंच थांबते. पुढचं मी सांगत नाही म्हणून तुम्हाला ते नाहीच असं वाटतं.

मी रॅटरीबद्दल लिहिलं ते टाळ्यांसाठी नव्हतं. हाडावर हाड घासणारा माणूस बघून तुम्हाला काहीतरी वाटेल, असं मला वाटलं होतं. मीच आडून बोललो, चूक माझी.

काल त्याला व्हॅनमध्ये सरळ विचारलं, परत बावीस वर्षांचा झालास तर सुया घेशील का? तो म्हणाला, ‘पहिल्याच सुईला नाही म्हणेन. त्या चार-शून्यच्या मॅचसाठी मी चालणं दिलं. कुणाही पोराला हे करू देऊ नका.’ हे त्याचे शब्द आहेत.

कैवल्यला सुई देऊ नका. मी तुमच्याकडे आजवर काही मागितलं नाही.

सुदाम


कोल्हापूर
बुधवार, १९ मार्च

भावजी,

मी शालू लिहितेय. हे उत्तर देत नाहीत म्हणून. तुमचं पत्र त्यांनी चारदा वाचलं आणि मोबाइल पालथा घालून ठेवला. आता मला माझाच मोबाइल विचारून घ्यावा लागतो. तालमीत जातात, येतात, जेवताना भाकरी मोडून तशीच ठेवतात.

तुमचा गुडघा मी तीन वर्षं निर्गुडीच्या पाल्यानं शेकला. मला वाटायचं खेळताना लागलं. दोघा भावांना माहीत आणि मी शेकतेय. तुमचाही राग आला आणि त्यांचाही. तुमचा जरा जास्त, कारण तुमच्या तोंडाला काय झालं होतं.

शनिवारी जर्स्या ठेवायच्या आहेत. काय करणार ते मला सांगत नाहीत.

शालू


कोल्हापूर
गुरुवार, २७ मार्च

चि. सुदाम,

हरलो. दोन-शून्य. ते तुला कळलंच असेल, मोबाइलवर सगळं येतं.

शनिवारी जर्स्या ठेवल्या. आठ नंबरच्या जागी सोळा नंबर ठेवला आणि नावं वाचली. कैवल्यचं नाव आलं नाही तेव्हा तालमीत कुणीतरी काहीतरी बोललं. मला ऐकू आलं नाही पण सगळ्यांची तोंडं दिसली. पोरगा पुढच्या रांगेत उभा होता. त्यानं केस कापले होते, कपाळाला गंध लावलं होतं. तो माझ्याकडे बघत राहिला. मी खिशातून वही काढली, तुझ्या पत्रातला साहेबाचा भाग मी तिच्यात उतरवून घेतला होता. तो तेवढा वाचला. पहिल्याच सुईला नाही म्हणेन, कुणाही पोराला हे करू देऊ नका. म्हणालो, हे अठरा वर्षं खेळलेल्या माणसाचं म्हणणं आहे. तुझं माझं नाव घेतलं नाही, एवढा धीर झाला नाही.

मॅचला तो बाकावर बसला. दुसरा गोल झाल्यावर टॉवेल डोक्यावर घेतला. संपल्यावर आपल्याच लोकांनी माझ्या अंगावर पाण्याच्या बाटल्या टाकल्या. एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं. घरी येताना दोन ठिकाणी बसलो. सोमवारी कैवल्यनं जर्सी धुऊन, घडी करून आमच्या दारात ठेवली आणि निघून गेला. लोक म्हणतात पुढच्या सीझनला घाटवेसकडून खेळणार.

तुझ्या पत्राबद्दल काय लिहू. त्या सकाळी सायकल चालवताना मला माहीत होतं की सुई कसली आहे. जर्सी ठेवून झाली होती. मारुतीचं कारण मी स्वतःला दिलं, खरं म्हणजे मला तो कप पाहिजे होता. तुझं ऑपरेशन करावं लागेल हे डॉक्टर म्हणाले तेव्हा मी नशीब म्हणालो, कारण दुसरं काही म्हणालो असतो तर मला घरात तोंड दाखवता आलं नसतं. हे आता लिहिलं. तोंडानं बोलायला मला जमलं नसतं, आणि तू बोलला असतास ते मला ऐकू आलं नसतं.

साहेबाचे शब्द नसते तर मी हे केलं नसतं. तुझ्यासाठी केलं असं सांगायला आवडेल, पण खरं ते सांगतो. तू माझा भाऊ, तुला राग असणार, म्हणून तू म्हणतोस असं मी स्वतःला समजावलं असतं. पण त्याला माझ्याशी काय घेणं-देणं. त्याचं ऐकलं. त्याला सांग, एका पोराचा पाय वाचला.

रंगनाथ


दोहा
गुरुवार, ३ एप्रिल

अण्णा,

ईदच्या सुट्टीत तुमचं पत्र वाचलं. आधी एक गोष्ट सांगतो, नाहीतर पुढचं काही लिहिता यायचं नाही.

रॅटरी तसं बोलला नव्हता.

मी त्याला विचारलं होतं हे खरं. परत बावीस वर्षांचा झालास तर सुया घेशील का? त्यानं विचारसुद्धा केला नाही. म्हणाला, ‘अकराच्या अकरा. सोमवार ते शुक्रवार मी छपरावर असायचो, खालून कुणी वर बघायचं नाही. शनिवारी चारशे माणसं बघायची. ते सोडून मी गुडघा कशासाठी ठेवायचा होता?’ वर हसला आणि म्हणाला, बारावीसुद्धा घेतली असती, पण क्लबनंच काढून टाकलं.

मला इतका राग आला की सिग्नल हिरवा झालेला कळला नाही. मागचे हॉर्न वाजवायला लागले. हा माणूस दाराला धरल्याशिवाय उतरू शकत नाही आणि म्हणतो अकराच्या अकरा. मला त्याच्या तोंडून दुसरं काहीतरी हवं होतं. ते मिळालं नाही म्हणून मी बनवलं आणि तुम्हाला पाठवलं. नुसतं माझं ऐकून तुम्ही थांबणार नाही, हे मला माहीत होतं. तुम्ही स्वतःच तसं लिहिलंत.

ते तुम्ही वहीत उतरवून पोरासमोर वाचाल, असं मला वाटलं नव्हतं. तुम्ही मला खोटं सांगून सुई दिलीत, मी तुम्हाला खोटं सांगून ती थांबवली. आपल्या घराला हीच सवय लागली आहे बहुतेक. लाज वाटते. तरी सुई थांबली त्याचं वाईट वाटत नाही, हेही लिहितो.

रॅटरीला हे सगळं सांगितलं. वाटलं होतं चिडेल. त्यानं एवढंच विचारलं की तो पोरगा कुठल्या जागेवर खेळतो. मिडफिल्ड म्हणालो. म्हणाला, ‘मग त्याला सवय असेलच. मिडफिल्डवाल्याला सगळं सगळ्यांच्या शेवटी सांगतात.’

अकादमीनं त्याचं कॉन्ट्रॅक्ट पुढं चालू ठेवलं नाही. मेडिकल बघून मॅनेजर एवढंच म्हणाला, खलास. महिनाअखेरीस तो परत जाणार, तिकडे गुडघा बदलायला नंबर लावलाय. त्याच्या जागी सव्वीस वर्षांचा कोणीतरी येतोय.

कैवल्यला खरं सांगा. माझं नाव घेऊन सांगा.

सुदाम


कोल्हापूर
शनिवार, १९ एप्रिल

चि. सुदाम,

तुझं पत्र वाचून दोन दिवस तुझ्यावर चिडलो. मग शालू म्हणाली, तुम्हाला चिडायचा हक्क आहे का ते आधी ठरवा. ठरवायला पुढचा आठवडा गेला.

सोमवारी भरत टेलरच्या घरी गेलो. कैवल्यच्या गुडघ्याचा फोटो झालाय, लिगामेंट अर्धा फाटलाय. ऑपरेशन मेमध्ये. वर्षानं खेळेल म्हणतात, कदाचित. फायनल खेळला असता तर पूर्ण गेला असता का, असं बापानं विचारलं. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही.

मी पोराच्या समोर पाटावर बसलो आणि सगळं सांगितलं. तुझा गुडघा, कंपाउंडर, सायकल, यंदाची ठरलेली सुई. साहेब खरं काय म्हणाला तेही. कानाचं मशीन लावून गेलो होतो, हे शालूला सांगितलं आहे, आता तू हसू नको. पोरानं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं तो म्हणेल, सर, तुम्ही माझा पाय वाचवलात. निदान त्याचा बाप तरी म्हणेल. बाप मशीनवर कपडा शिवत राहिला.

कैवल्य म्हणाला, ‘सर, मी खेळलो असतो का बसलो असतो, ते मलाबी माहीत न्हाई. पर तुमी मला घरी येऊन सांगायचं हुतं. माझं नाव वाचलं न्हाई, ते आख्ख्या पेठंबरोबर मला कळलं. माझाच पाय हुता की वो.’

चहा केलेला होता, तो पिऊन उठलो. पुढच्या सीझनला तो घाटवेसकडून खेळला तर मी काही बोलणार नाही, हे मी त्याला सांगून आलो. टीम मी सोडली आहे. कमिटीला तसं लिहून दिलं. दमलो आता.

येताना वाटेत कळलं की मी दोनदा एकच चूक केली आहे. सतरा वर्षांपूर्वी तुला न विचारता खेळवलं आणि यंदा त्याला न विचारता बसवलं. दोन्ही वेळा मी मारुतीपुढे उभा राहून ठरवलं आणि पाय दुसऱ्याचा होता.

म्हणून आता विचारतो. याचा आता काही उपयोग नाही हे मला कळतं. त्या रविवारी सकाळी मी तुला सगळं खरं सांगितलं असतं, की सुई कसली आहे, पाय जाऊ शकतो, नाही म्हणालास तर मी सोळा नंबर ठेवीन, देव काही म्हणणार नाही. आणि मग विचारलं असतं. तू काय म्हणाला असतास?

खरं लिही. साहेबाच्या तोंडी घालू नको.

रंगनाथ


दोहा
शुक्रवार, २५ एप्रिल

अण्णा,

रॅटरीला आज विमानतळावर सोडून आलो. व्हीलचेअर मागवली होती, त्यानं ती परत पाठवली आणि बॅगांच्या गाडीला धरून आत गेला. आत जाताना वळून बघितलं नाही. मी गाडीत बसून तुमचं पत्र पुन्हा वाचलं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणूनच तो माणूस अकराच्या अकरा म्हणाला तेव्हा मला एवढा राग आला. त्यानं माझं उत्तर दिलं होतं, आणि मला ते कबूल करायचं नव्हतं. कारण ते कबूल केलं की तुमच्यावर रागवायला माझ्याकडे काही उरत नाही, असं मला वाटायचं. तसं नाही, हे या आठवड्यात कळलं.

पाय गेलाच असता. तोच पाय, तीच मॅच, तेच मिरजेचे डॉक्टर. पण मग तो मी घालवलेला पाय असता. तुम्ही दवाखान्यात शेजारी बसला असतात आणि आपण दोघं मिळून रडलो असतो. सगळ्यांना सांगतो की मी कतारला पोटासाठी आलो. कोल्हापुरातही ड्रायव्हरला काम मिळतं, अण्णा. रोज समोरासमोर जेवायला बसायचं आणि हे बोलायचं नाही, ते मला जमेना, म्हणून आलो.

मी हो म्हणालो असतो. दोनदा विचारलं असतंत तरी हो म्हणालो असतो. पण तुम्ही विचारायला हवं होतं.

सुदाम